दर्याची राणी, डोंगरची माणसं

जोडी निवडायला नव्वद सेकंद होते आणि त्यातले साठ चक्रवर्तींनी चष्मा पुसण्यात घालवले.

चक्रवर्ती हे खेळातलं नाव. एरवी ते भूमापन कार्यालयात नकाशे काढत आणि तिथला शिपाईसुद्धा त्यांना विचारत नसे. रविवारी दुपारी दोन वाजता मात्र संगणकावर आठ जणांचं जग मांडलं जाई. आधी एक राजा किंवा राणी निवडायची, मग त्यांना एक प्रजा द्यायची, आणि साम्राज्य उभारायला लागायचं. पूर्वी ज्याची प्रजा त्यालाच मिळे. नव्या नियमानं कुणाच्याही गळ्यात कुणालाही बांधता येई. चक्रवर्तींना ही सोय म्हणजे निव्वळ आचरटपणा वाटे.

त्यांनी नेहमीप्रमाणे डोंगरी राजाकडे माउसचा बाण नेला, तेवढ्यात दोस्ताचा निरोप पडद्यावर उमटला.

"दर्याची राणी घ्या. प्रजा डोंगरी."

दोस्ताचं नाव मुंगूस. पाच महिन्यांपूर्वी त्यानं आपणहून तह केला होता. कोण, कुठला, काही पत्ता नाही. बोलणं तारेसारखं तुटक. "घाट बंद करा" हे त्याचं पालुपद, कारण चक्रवर्ती दर वेळी उत्तरेचा घाट उघडा टाकून दक्षिणेत ग्रंथालयं बांधत बसत आणि मग शत्रू त्या ग्रंथालयांत घोडे बांधत. दुपारचे चार वाजले की मुंगूस "पाच मिनिटं" एवढंच लिहून गायब होई. बायकोचा चहा नेमका तेव्हाच येई, त्यामुळे चक्रवर्तींचीही तक्रार नव्हती. ती भाषांतराची कामं करी. रविवारी दोन वाजता आतल्या खोलीचं दार लावून बसे, ते चहापुरतं उघडे.

"विजोड आहे," चक्रवर्तींनी लिहिलं. "राणीला डोंगर चढता येईल का?"

"राणीनं चढायचं कशाला? करून बघा."

शेवटच्या सेकंदाला त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

विजोड हा शब्द त्या आठवड्यात त्यांच्या जिभेवरच बसला होता. लेक वकील. ती बोलायला लागली की समोरचा साक्षीदार नको ते कबूल करून मोकळा होई. आणि तिनं पसंत केला होता एक घड्याळजी. तो एकदा घरी आला, दोन तास बसला, आणि "हो", "नाही", "बघतो" एवढा ऐवज ठेवून गेला.

"हे लग्न होणार नाही," चक्रवर्ती म्हणाले होते. "ही धबधबा, तो रांजण."

"बाबा, रांजणातच पाणी टिकतं!"

"तू काहीतरी बोल ना," त्यांनी बायकोला म्हटलं होतं.

"मी काय बोलणार? राज्य तुमचं," ती म्हणाली होती.

पण त्या रविवारी आक्रीत घडलं. दर्याच्या राणीनं जहाजं बांधली, डोंगरी माणसांनी त्यांना लाकूड आणि लोखंड पुरवलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्धं जग निळं झालं. चक्रवर्ती आयुष्यात पहिल्यांदा जिंकले. ते घरभर शीळ घालत फिरले. लेकीनं संधी साधली.

"बाबा, एकदा त्याचं दुकान तरी बघा."

शनिवारी ते लेकीबरोबर दुकानात गेले. भिंतभर घड्याळं होती. घड्याळजीनं स्टूल पुढे केलं आणि तो गप्प राहिला. चक्रवर्ती उठायच्या बेतात होते, तोच चारचे ठोके पडायला लागले. घड्याळजीनं हात वर केला.

"पाच मिनिटं," तो म्हणाला, आणि डोळे मिटून एकेका घड्याळाला कान देत फिरू लागला. कुठलं मागे पडतंय ते तो टिपत होता.

चक्रवर्ती स्टुलावर तसेच राहिले.

"हे... रोज?"

"रोज."

"रविवारीसुद्धा?"

"हो."

चक्रवर्तींनी स्टूल जवळ ओढलं. त्यांनी आवाज खाली आणला. "विजोड जोडीबद्दल तुमचं मत काय?"

घड्याळजीनं एकवार लेकीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"करून बघावी," तो म्हणाला.

चक्रवर्तींनी त्याला डोळा मारला. होणारे सासरे नाराज व्हायला नकोत म्हणून घड्याळजीनंही मारला. लेक दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"उद्या दुपारी घरी या," चक्रवर्ती उठत म्हणाले. "तारीख ठरवून टाकू."

लेक एवढी हरखली, की चक्क पूर्ण मिनिटभर गप्प बसली.

घरी बायकोनं विचारलं, "एकदम कसे हो राजी झालात?"

"माणूस ओळखायला नजर लागते."

"ती तुम्हाला पहिल्यापासूनच आहे," बायको म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

रविवारी खेळ रंगात आला होता. मुंगूस पश्चिमेला जहाजं हाकत होता. हा पठ्ठ्या खेळ संपवूनच निघणार, असं चक्रवर्तींनी मनाशी धरलं होतं. चारला दोन मिनिटं असताना बेल वाजली. लेक धावली आणि घड्याळजीला हाताला धरून आत घेऊन आली.

"अहो, हे काय!" चक्रवर्ती खुर्चीतून ओरडले. "लढाई अर्धी टाकून आलात?"

"कुठली लढाई?" घड्याळजीनं विचारलं.

"वा! आता घरात कसली लपवाछपवी, मुंगूस?"

घड्याळजीनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं खांदे उडवले. तो दारातच उभा होता. त्याच्या एका हातात फुलं होती, दुसऱ्यात टोपी.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. पडद्यावर निरोप उमटला.

"पाच मिनिटं."

चक्रवर्तींनी पडद्याकडे पाहिलं, मग फुलांकडे, मग टोपीकडे. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बायको ट्रे घेऊन बाहेर आली.

"चहा घ्या," ती म्हणाली, "आणि तो घाट आधी बंद करा."