रांगेतला तिसरा हंडा

जव्हारच्या रिसॉर्टवरच्या नव्या नोकरीत पुष्पाला दिवसभर एकच काम होतं. स्विमिंग पूलच्या कडेच्या खुर्च्या टॉवेल टाकून अडवणारे पाहुणे अर्धा तास फिरकले नाहीत, की टॉवेल उचलायचा. मग ते आले की त्यांची बोलणी खायची.

संध्याकाळी पाय ओढत ती घरी आली आणि हंडा घेऊन विहिरीवर गेली. बायकांची ही लांब रांग! त्यात तिसऱ्या नंबरावर एक रिकामा हंडा, आणि जवळ कुणीच नाही. पुष्पानं तो उचलून बाजूला ठेवला.

“अगं, ठेव तो जागेवर!” शेजारची पोशी ओरडली.

“जिचा आहे तिनं इथं थांबायला नको?”

“ती कामावर होती. दुपारपासून आम्हीच पुढं सरकवतोय.” पोशीनं हंडा परत रांगेत ठेवला. “हंडा माझा, पण नंबर तुझ्याच नावाचा आहे.”