बुजलेली भोकं

साहेब, बुटाचा वरचा भाग मी शिवलाच नाही, असं लिहून तुम्ही माझं सर्टिफिकेट अडवलंत. खोटं लिहिलंत.

मंद्रूपहून रोज एसटीनं सोलापूरला येऊन तुमच्याच सेंटरात मी चामडं शिवायचं मशीन शिकले. शिकवणाऱ्या नागूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कापडागत उसवून परत शिवता येत न्हाय, बाई. चामड्याचं भोक बुजत न्हाय."

परीक्षेचा तुकडा, म्हणजे बुटाचा तो वरचा भाग, मी सोमवारी शिवला. मंगळवारी बघते तर दोरा बाहेर पडलेला, ओला. भोकं बुजलेली आणि प्रत्येक भोकावर खपली.

"लई नाजूक हात की गं तुजा," शेजारच्या मशीनवरची प्रतीक्षा हसली. तिनं नखानं एक खपली काढली. खालून पू आला. ती तोंड दाबून बाहेर पळाली, ती परत सेंटरात आली नाही.

मी तोच तुकडा तुमच्यासमोर पुन्हा शिवला. सुई शिरली तसं चामडं आकसलं, हाताखाली गरम झालं. बोटांचा घाण वास अजून साबणानं जात नाही. तुम्ही नाकाला रुमाल लावून सगळं बघितलंत.

आज तुकडा कोरा म्हणून परत पाठवलात, वर पुन्हा शिवायला सांगितलंत. त्यावर आता बारीक लव आलीय. मी सुई जवळ नेली की ती ताठ उभी राहते.

हे चामडं मेलंय का नाही, साहेब? लेखी उत्तर द्या.