घड्याळजींची दहा हजार पावलं

"काका, आधी खाली बसा," फोनवरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

घड्याळजी बसलेलेच होते. सकाळी नऊला दुकान उघडून ते त्या स्टुलावर टेकले, की जेवायला उठत तेवढेच. आत्ता संध्याकाळचे सव्वापाच वाजले होते, एका डोळ्याला भिंग होतं, चिमट्यात केसाएवढा स्क्रू होता. विमा कंपनीचा फोन म्हणजे आणखी एखादं अभिनंदन असणार, अशा समजुतीत त्यांनी तो कानाला लावला होता. गेल्या अडीच महिन्यांत कंपनीने त्यांचं जेवढं कौतुक केलं होतं, तेवढं त्यांच्या आईनेसुद्धा जन्मात केलं नव्हतं.

"बसलोय," ते म्हणाले.

"बसला नाहीत काका. जिना चढताय. तुमच्या हातातल्या पट्ट्यावरून सगळं थेट इथे दिसतं मला. ठोके एकशे साठच्या वर गेलेत आणि मध्येच चुकताहेत. चार दिवस झाले, रोज याच वेळेला हे होतंय. चक्कर येते का? छातीत दुखतं?"

चिमट्यातला स्क्रू खाली पडला. घड्याळजींनी तो शोधला नाही.

त्यांच्या हातात पट्टा नव्हता. कधीच नव्हता. स्वतःचं सिमकार्ड असलेला तो पट्टा कंपनीकडून आला त्या दिवशी त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, टिकटिक न करणाऱ्या वस्तूला घड्याळ म्हणायला साफ नकार दिला आणि बायकोच्या मनगटावर बांधला. "नाहीतरी तुझ्या पायाला दिवसभर भिंगरी असते. माझ्या नावाने तूच चाल." रोज दहा हजार पावलं, असे नव्वद दिवस भरले की पुढच्या वर्षीच्या हप्त्यात घसघशीत सवलत होती. घरातली कामं उरकून पावलं कमी पडली, की ती पाचच्या सुमाराला फोन घरी ठेवून इमारतीचे जिने चढायची आणि उतरायची. चार दिवसांपूर्वी जेवताना ती म्हणाली होती, "हल्ली जिन्यात जरा दम लागतो हो." "वय झालं आपलं," असं म्हणून घड्याळजींनी आपली वाटी पुढे केली होती.

"काका, ऐकताय ना? एक पायरीसुद्धा चढू नका आता. मी गाडी पाठवतेय तुमच्या पत्त्यावर. पुरुष, वय बासष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. बरोबर? तसंच सांगते त्यांना."

बरोबर म्हणायचं आणि फोन ठेवून पळायचं, असं त्यांच्या मनात आलं. माहिती खोटी निघाली तर दोघांचाही विमा रद्द होईल, हे कंपनीच्या कागदावर ठळक छापलेलं होतं, आणि विम्याची खरी गरज तर आता पडणार होती. दुकानातली सगळी घड्याळं एकदम मोठ्याने वाजू लागल्यासारखी वाटली. रस्त्यापलीकडे त्यांची इमारत दिसत होती, जिन्याच्या खिडक्या एकावर एक. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काही हललं नाही. चौथ्याच्याही नाही. घड्याळजींना भयंकर भीती वाटली, आणि आपण अजून विम्याचाच विचार करतोय याची लाजही.

"डॉक्टर, पट्टा माझ्या हातात नाही. बायकोच्या हातात आहे. पहिल्या दिवसापासून. वय छप्पन्न. गोळ्या मला आहेत, तिला नाहीत."



"काका, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे. गाडी पाठवा."

दुकान उघडं टाकून ते पळाले. भिंग गळ्यात लोंबकळत होतं. लिफ्ट वर कुठेतरी अडकून बसली होती, म्हणून ते जिन्याकडे वळले. त्या जिन्याला त्यांचे पाय गेल्या कित्येक वर्षांत लागले नव्हते. पहिल्या मजल्यावर त्यांनी तिला हाक मारली. दुसऱ्या मजल्यावर हाक मारायलाही श्वास उरला नाही, पोटऱ्यांत गोळे आले, तरी ते कठडा धरून चढत राहिले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ती पायरीवर बसली होती. डोकं कठड्याला टेकलेलं, चेहरा घामाने डबडबलेला, ओठ पांढरेफटक. पावलांचा आवाज ऐकून तिने डोळे उघडले.

"अहो, तुम्ही? आणि जिन्याने?" तिचा आवाज कसाबसा निघत होता. "बसा आधी. केवढी धाप लागलीय तुम्हाला."

ते तिच्या शेजारी बसले. मुठीतल्या फोनमधून डॉक्टरबाई काहीतरी विचारत होत्या. तो त्यांनी पायरीवर ठेवला, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पट्टा सोडवायला लागले. उभा जन्म घड्याळांचे पट्टे काढण्यात आणि घालण्यात गेलेला, पण ते एक बक्कल काही केल्या सुटेना.

तिने दुसरा हात पट्ट्यावर ठेवला.

"काढू नका हो," ती म्हणाली. "आजची साडेतीनशेच राहिलीत."