शेवटचं वर्ष

अपघातानंतर चारुहासच्या नव्या मेंदूत त्याची जतन केलेली स्मृती भरली आणि तो घरी आला. तेव्हापासून इरावतीच्या मनात पाल चुकचुकत होती. नवरा तिच्याशी फारच गोड वागत होता. अपघातापूर्वी तर वर्षभर दोघांत अबोला होता.

"जतन केलेली आणि मेंदूत भरलेली, दोन्ही स्मृती अक्षरन् अक्षर सारख्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "प्रोग्रॅमनं तपासल्यात."

इरावती स्वतः प्रोग्रॅमर. तिनं तो प्रोग्रॅम मागून घेतला. तो दोन मजकुरांतलं एकेक अक्षर जुळवायचा, पण लहान मजकूर संपला की तिथंच थांबून 'सारखे' म्हणायचा. लांबी त्यानं पाहिलीच नव्हती. चारुहासचं शेवटचं वर्ष भरायचं राहून गेलं होतं.

घरी येताच तिनं त्याला सांगून टाकलं, "त्या वर्षी तू मला सोडून जायचं ठरवलं होतंस. डॉक्टर म्हणतात, ते अजूनही भरता येईल."

"भरलं, तर मी पुन्हा जाईन?"

"बहुतेक."



"तू गप्प बसली असतीस तर मला कधी कळलंही नसतं," तो म्हणाला. "मी जावं असं तुलाच वाटतंय का, इरा?"