छातीशी धरलेला फुगा

दारावरच्या सिक्युरिटीवाल्यानं फुग्याकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवली. एकेकाळी इंग्लंडभर स्टेडियम तुडुंब भरून टाकणारा तो म्हातारा रॉक गायक चक्क गयावया करू लागला. "आत माझ्या नातीचा पहिला कार्यक्रम आहे. मला ऐकू येत नाही हो. फुगा छातीशी धरला, की गाणं त्यात थरथरतं आणि मला कळतं."

स्पीकरांसमोर पन्नास वर्षं उभं राहून त्याचे कान गेले होते. वडिलांचे गेले होते संडरलंडच्या गोदीत, जहाजांवर घण घालता घालता. त्याच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला ते असाच फुगा कवटाळून पहिल्या रांगेत बसले होते. नंतर आत येऊन म्हणाले, "सगळं पोचलं बघ, पोरा."

"फुग्यातून काय डोंबल पोचणार! लोक हसत होते, डॅड. पुन्हा फुगा आणणार असाल, तर येऊच नका."

ते पुन्हा कधीच आले नाहीत. पुढे त्यानं त्यांच्यावर लिहिलेलं गाणं जगभर गाजलं, पण तोवर ते गेले होते.

सिक्युरिटीवाल्यानं अखेर आत सोडलं. पहिल्याच काही ठोक्यांना फुगा थरथरला आणि त्या लयीवरून त्याला कळलं, नात तेच गाणं गातेय. शेवटच्या सुरापर्यंत त्यानं फुग्यावरचा हात हलवला नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती धावत आली. "सगळं पोचलं बघ, पोरी," तो कसाबसा म्हणाला.

त्याला ओठ वाचता यावेत म्हणून ती सावकाश बोलली, "आजोबा, पुढच्या वेळी याहून मोठा फुगा आण."