तीस अळ्यांचा अहवाल

साहेबांनी कुपीचं झाकण उघडलं आणि आतलं गढूळ पाणी एका घोटात पिऊन टाकलं. तोंड पुसलं, घड्याळात पाहिलं.

"बघा वहिनी. दोन कोटी विषाणू गेले पोटात. झालं मला काही?"

अंगणापलीकडच्या शेडमध्ये चाळीस हजार रेशीमअळ्या पाळणाऱ्या बाईंनी साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं.

"नाही झालं. पण साहेब, तुम्ही अळी कुठे आहात?"

बाईंच्या नवऱ्याला ठसका लागला. तो साहेबांच्याच प्रयोगशाळेत सहायक होता, त्यामुळे साहेबांसमोर हसू आलं की त्याला ठसकाच लागायचा.

टेबलावर 'ना हरकत'चा फॉर्म होता. कोबी पोखरणाऱ्या अळीसाठी प्रयोगशाळेने नवा विषाणू तयार केला होता आणि परवापासून आजूबाजूच्या मळ्यांवर तो फवारायचा होता. जवळपास कुणी रेशीमअळ्या पाळत असेल, तर त्याची सही घ्यावी असा नियम होता. पाळणारं घर एकच होतं, आणि त्या घरातल्या बाईंना प्रश्न पडायची सवय होती.

"मूळचा विषाणू अळीला आठ दिवसांनी मारतो," साहेब सांगू लागले. "तोवर ती सगळा कोबी फस्त करते. म्हणून आम्ही त्यात विंचवाचा एक गुण घातला. आता दीड दिवसात खेळ खलास."

"म्हणजे नांगी बसवलीत."

"अगदी तसंच!" ही उपमा साहेबांना पुढच्या भाषणासाठी आवडली.

"आणि कोबीवरच्या अळ्या संपल्या की तो काय करतो?"

"काही नाही. मातीत पडून राहतो."

"किती दिवस?"

"तसा... काही वर्षं. पण त्याला कोबीवरचीच अळी लागते."

"पडल्यापडल्या त्याने जरा इकडेतिकडे बघितलं तर?"

"त्याला बघता येत नाही, वहिनी."

"मग कोबीवरची कुठली आणि माझी कुठली, हे त्याला कळणार कसं?"

बाईंच्या आवाजात भांडण नव्हतं. कुणी घड्याळ उघडून दाखवत असावं आणि आपण आत डोकावावं, तसा चेहरा होता. साहेबांनी मात्र उत्तराऐवजी अहवाल पुढे सरकवला. तीस रेशीमअळ्या. विषाणू लावलेली तुतीची पानं सकाळी समोर ठेवली, संध्याकाळी काढून घेतली. पुढच्या दहा दिवसांत एकही दगावली नाही. सबब, रेशीमअळ्यांना निरुपद्रवी. खाली सहायकाची सही.

बाई तारखेपाशी थांबल्या आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, एकोणीसला तर मी दाढ काढायला गेले होते."

"हो ना. म्हणून त्याच दिवशी नेल्या. म्हटलं, तुला कशाला उगाच त्रास."

"या माझ्या अळ्या?"

नवऱ्याने फॉर्मचा कोपरा सरळ केला.

"आणि मी आठवडाभर मुंग्यांना शिव्या घालत होते! बरं, नेल्या तेव्हा कशा होत्या?"

"फार गुणी. माना वर करून जागच्या जागी बसलेल्या. मोजायला एकदम बऱ्या पडल्या."

"कात टाकायला बसल्या होत्या त्या," बाई म्हणाल्या. "तो अख्खा दिवस त्या पानाला तोंड लावत नाहीत. म्हणून तर दाढ काढायला गेले. एरवी मला मान वर करायला तरी फुरसत असते का?"

साहेब सहायकाकडे वळले.

"पानं कुरतडलेली होती का रे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"त्याला रकाना नव्हता, साहेब."

"म्हणजे तीस जणी जेवल्याच नाहीत," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही स्वयंपाक पास केलात."

साहेब दुखावले, पण माणूस प्रयोगातला. "ठीक आहे. आत्ता करू. तुमच्यासमोर. आणा तीस, चांगल्या जाग्या आणि भुकेल्या. उद्या संध्याकाळपर्यंत निकाल. मग तर सही द्याल?"

बाई क्षणभर शेडकडे बघत राहिल्या. आठवड्याने अळ्या कोष विणायला लागणार होत्या. मग उठल्या, आणि ट्रे घेऊन आल्या. त्यातल्या अळ्या पानाच्या कडेला अशा लागल्या होत्या, की चावण्याचा आवाज खुर्चीपर्यंत ऐकू येत होता. साहेबांनी बॅगेतून दुसरी कुपी काढली आणि सहायकाच्या हातात दिली.

"टाक दोन थेंब. तुझाच अहवाल आहे."

नवऱ्याने कुपी घेतली. झाकणावर अंगठा ठेवला. शेडचं दार तिथून पंधरा पावलांवर होतं.

"इथे नको, साहेब."

"का? निरुपद्रवी म्हणून तूच लिहिलंयस ना?"

"लिहिलंय, साहेब."

त्याने कुपी खिशात घातली, ट्रे उचलला आणि तो फाटकाबाहेर गेला. रस्ता ओलांडला. समोरच्या भिंतीपाशी थांबेल असं वाटलं, पण थांबला नाही. गॅरेज गेलं, पाण्याची टाकी आली.

"अरे, टाक की तिथेच!" साहेब फाटकातून ओरडले. "किती लांब जाशील?"

बाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या, जणू त्याला पहिल्यांदाच चालताना बघत असाव्यात.

टाकीपाशी त्याने ट्रे खाली ठेवला. वाकून चिमूटभर माती उचलली आणि वाऱ्यावर सोडली. माती घराच्या दिशेने उडाली. त्याने ट्रे पुन्हा उचलला आणि तो आणखी पुढे चालू लागला.