बाराव्या खुर्चीवरचं हसू

फादर इग्नेशियस परात आणि तांब्या घेऊन बाराव्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले, आणि कमळाकरने उजवा पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतला.

"अहो, द्या इकडे," फादर हळूच म्हणाले.

कमळाकर हलला नाही. पवित्र गुरुवारची संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना, चालू होती. तुर्भ्याचं ते लहानसं चर्च माणसांनी गच्च भरलं होतं. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून दरवर्षी या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. अकरा जणांचे धुऊन झाले होते. शाळेचे मुख्याध्यापक, बँकेतल्या नमिता मॅडम, सगळ्यांचे पाय कसे नीटनेटके. बारावा कमळाकर. तीस वर्षं मार्केटात कांद्याची पोती वाहणारा हमाल. टाचांना अशा भेगा, की त्यात नाणं उभं राहावं. त्याची बायको प्रेमला हिने वजरी आणून दिली, कोकमतेल आणून दिलं. आठवडाभर घासून, चोळून फरक शून्य. बारा जणांच्या यादीत नावही तिनेच दिलं होतं, त्याला न विचारता.

पायांची लाज होतीच. पण आत आणखी एक सल होता, तो त्याने कुणाला कधी सांगितला नव्हता. येशू खरा देव आणि खरा माणूस, हे त्याने जालन्याकडच्या गावात लहानपणीच पाठ केलं होतं. देव, हे त्याला पटायचं. माणूस, हे काही केल्या पटत नसे. एखादा मोठा साहेब गोदामात पाहणीला येतो, पोत्याला हात लावतो, फोटो काढून घेतो आणि गाडीत बसून निघून जातो. देवाचं माणूस होणं त्याला तसलंच वाटायचं. त्या पाहुण्याच्या नावाने या म्हाताऱ्या फादरांनी आपल्या असल्या पायांना हात लावायचा?

पण सगळं चर्च बघत होतं. प्रेमला पहिल्या बाकावरून डोळे वटारत होती. शेवटी त्याने पाय पुढे केला.

गार पाणी पडलं. फादरांचा अंगठा तळव्याच्या मधोमध फिरला, आणि तिथेच घात झाला. कमळाकर फिस्सकन हसला. दाबायला गेला तर दुप्पट जोराने हसला. खुर्ची करकरली, परातीतलं पाणी फादरांच्या झग्यावर उडालं, गाणारी मंडळी कडव्याच्या मधेच थांबली. प्रेमलाने पदरात तोंड लपवलं.

फादरांची मान खाली होती आणि खांदे गदगदत होते. कमळाकरला वाटलं, ते रडतायत.

"चुकलं, फादर. लई गुदगुल्या होत्यात मला."

फादरांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं खरं, पण हसण्याचं.

"मलाही होतात," ते म्हणाले. "भयंकर!"

पहिल्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मग मागच्या बाकावर. मग प्रेमलाच्या पदरातूनही हसू फुटलं, आणि बघता बघता अख्खं चर्च हसायला लागलं. पवित्र गुरुवारी असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

कमळाकरच्या मनात काय आलं कोण जाणे. तो खाली वाकला आणि फादरांच्या कानाशी लागून म्हणाला,

"फादर, येशूलाबी गुदगुल्या होत असतील का हो?"

फादरांनी टॉवेल हातात घेतला. चाळीस वर्षं धर्मगुरू असलेले, जाडजूड ग्रंथ कोळून प्यालेले, पण हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी कमळाकरचा पाय बोटाबोटांमधून कोरडा केला. भेगांवर ओठ टेकवले. मग वेदीशेजारी, ईस्टरआधीच्या उपासकाळात जांभळ्या कापडाने झाकून ठेवलेल्या मरियामातेच्या मूर्तीकडे बघून ते म्हणाले,

"ते त्याच्या आईला ठाऊक. मांडीवर घेऊन केल्याच असतील ना तिने!"